समग्र ग्रंथाचा संकल्प

जबलपूर,
मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी

तीर्थरूप हेमलताताईस,

गुणवंताचा साष्टांग नमस्कार. नर्मदामाईच्या कृपेने आम्ही इथे सगळे ठीक आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? नागपूरच्या थंडीत ते कुरकुर करतात, असं तू दसऱ्याला म्हणाली होतीस. मीराने ओवा घालून तिळाचं तेल कढवून ठेवलं आहे, कोणी नागपूरला निघालं की त्याच्या हाती पाठवतो. भाऊजींनी गोड खरंच सोडलं की फक्त तुझ्यासमोर सोडलं, तेही कळव. (मी विचारलं असं त्यांना सांगू नकोस.)

फोन असताना हा पत्र काहून लिहून राहिला, असं तुला वाटेल. कारण असं की आमचं घर तीन खोल्यांचं आहे आणि सासूबाईंचे कान अत्यंत उत्तम आहेत. जे लिहायचं आहे ते त्यांच्याविषयी आणि तुझ्याविषयी आहे, आणि थोडं माझ्या पापाविषयी. म्हणून सिविल लाइंसमधल्या आमच्या कार्यालयात, जेवणाच्या सुटीत, फायलींच्या आडोशाला बसून लिहितो आहे.

आधी पाप सांगतो. ताई, तू गेल्या नऊ वर्षांत ‘रेवेच्या दोन तीरी’चे पाच खंड मला पाठवलेस. प्रत्येकावर तुझ्या हाताने ‘चि. गुणवंतास, वाचून कळव’ असं लिहिलेलं. मी दर वेळी कळवलं, पण वाचलं नाही. पहिला खंड आला तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर हळदकुंकवाचं बोट होतं (पहिली प्रत तू गणपतीपुढे ठेवली असशील), ते पाहून मी तो कपाळाला लावला, लाल वस्त्रात बांधला आणि देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवला. मग पुढच्या चौघांनाही तीच जागा मिळाली. दर दसऱ्याला पाचांची गंध-फूल वाहून पूजा होते. एवढा मान तुझ्या कादंबऱ्यांना दुसऱ्या कुठल्याही घरात मिळाला नसेल, पण उघडलं मात्र एकही नाही. तिसऱ्या खंडानंतर मी तुला फोनवर म्हणालो होतो, ‘लढाईचं वर्णन वाचून अंगावर काटा आला.’ तू जरा थांबून ‘बरं’ म्हणालीस. आता वाचल्यावर समजलं की तिसऱ्या खंडात लढाई नाहीच. चारशे पानं अंबरीशराव जखमी होऊन खाटेवर पडले आहेत आणि अवंतिका त्यांना लेप लावते आहे. त्या ‘बरं’बद्दल मी तुझा जन्मभर ऋणी राहीन.

न वाचण्याचं कारण आळस नाही. तुला माहीतच आहे, माझी शाळा मझौलीजवळच्या आपल्या गावची, सगळी हिंदी. मराठी वाचायला अण्णांनी शिकवलं ते मांडीवर बसवून, पोथीवरून, बोट अक्षराखाली धरून. त्यामुळे मराठीचं छापील पान समोर आलं की माझ्या गळ्यातून पोथीचीच चाल निघते. कोणी नागपूरहून चिवडा आणला आणि तो मराठी पेपरात बांधलेला असला, तर त्यावरची पाण्याच्या पंपाची जाहिरातसुद्धा मी ओव्यांसारखी वाचतो. मीरा म्हणते, ‘अहो, पंपाला नमस्कार करायचा राहिला.’ मराठी पुस्तक नुसतं लोळत, चहा पीत वाचायचं असतं हे मला पन्नाशीला टेकेपर्यंत ठाऊक नव्हतं. मला वाचनाची एकच रीत येते. आंघोळ करायची, पाटावर बसायचं, समई लावायची, मोठ्याने वाचायचं, नेमलेला भाग पुरा केल्याशिवाय उठायचं नाही, आणि उद्याचं पान आज उलटून पाहायचं नाही. अशी पाच पारायणं करायला सवड हवी, म्हणून राहिलं.

आता सासूबाईंकडे येतो. त्या सिहोऱ्याला एकट्या राहतात. सासरे तिथे शाळेत शिक्षक होते, ते गेल्यापासून मीरा त्यांच्या मागे लागली आहे की आमच्याकडे येऊन राहा. पण पन्नास वर्षं सिहोऱ्यात काढून त्यांनी तिथला नियम पक्का धरला आहे की लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही. यंदा वैशाखात त्यांनी गॅस सुरू केला, काडी ओढली, नीट दिसलं नाही म्हणून पेटला असं समजून देवपूजेला बसल्या. दूधवाल्याला दारातच वास आला म्हणून निभावलं. (त्या अजून दूधवाल्यालाच नावं ठेवतात. म्हणे, त्याचं नाक फार तिखट आहे.) मग मीरा जाऊन त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी घेऊन आली. आल्या त्या स्वतःचा कणकेचा डबा, चहापत्ती आणि साखर घेऊन. डबा संपला की मी निघाले, असं दारातच जाहीर केलं. मीरा त्या डब्यात रोज गुपचूप चार मुठी कणीक टाकू लागली. पंधरा दिवसांनी सासूबाई डब्यात हात घालून म्हणाल्या, ‘सिहोऱ्याच्या गव्हाला बरकत फार.’ आम्ही दोघांनीही मान डोलावली.

ऑपरेशन झालं, पण डोळा जरा हट्टी निघाला. नऊ दिवस हिरवी पट्टी. दोन महिने वाचायचं नाही, वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही. पहिल्याच संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, ‘जावईबापू, पोथ्या मला सगळ्या पाठ आहेत. तुमच्या नागपूरच्या बहिणीचं काही असेल तर वाचा ना.’ मी आंघोळ केली, समई लावली, लाल वस्त्रातला सगळ्यात वरचा खंड काढला आणि पाटावर बसलो. आणि इथे ताई, माझ्या हाताने घात केला. सवयीने त्याने पळीभर पाणी घेतलं आणि तोंडाने सवयीने संकल्प म्हटला की ‘हेमलताविरचित समग्र ग्रंथाचे पठण मी करीन.’ पाणी ताम्हनात पडलं देखील. स्वयंपाकघरात मीराचं लाटणं थांबलं.

‘समग्र म्हणालात?’ सासूबाईंनी विचारलं.

‘हो, तोंडातून गेलं.’

‘किती खंड आहेत?’

‘पाच आहेत. ताई सहावा लिहून राहिली आहे.’

‘अच्छा. म्हणजे सहा. पारायण पुरं होईपर्यंत ऐकणाऱ्यानं गावाची वेस ओलांडायची नसते. चलो, आता मला काही हलता यायचं नाही.’ आणि शिक्षा ऐकलेल्या माणसासारखा त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. मला फार ओशाळल्यासारखं झालं. एका म्हाताऱ्या बाईला मी नुसत्या जिभेने बांधून टाकलं होतं.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी साडेसहा ते आठ तुझी कादंबरी आमच्याकडे चालू आहे. त्यात दोन अडचणी आल्या. पहिली अशी की सगळ्यात वरचा म्हणून मी जो काढला तो तिसरा खंड होता (दसऱ्याला पूजेनंतर परत ठेवताना क्रम बदलला असणार). मला काय ठाऊक? पोथी उघडली की जिथून उघडते तिथे देव असतोच. अंबरीशराव पहिल्या पानापासून खाटेवर, एका डोळ्याला पट्टी. सासूबाईंच्याही एका डोळ्याला पट्टी. त्यांना त्या माणसाविषयी इतका जिव्हाळा वाटला की लढाई कोणती, शत्रू कोण, याची त्यांनी चौकशीच केली नाही. त्या एवढंच विचारत, ‘त्यांच्या डोळ्यात औषध कोण घालतं? अवंतिका? वेळेवर घालते ना?’

माझी चाल ऐकून शेजारच्या तिवारी भाभींना वाटलं, गुणवंत भैयांकडे कथा बसली आहे. त्या दुसऱ्याच दिवशी झेंडूची फुलं घेऊन आल्या आणि डोक्यावर पदर घेऊन बसल्या. त्यांना मराठी अर्धी कळते, उरलेली त्या श्रद्धेने भरून काढतात. मला खोटं बोलवेना, म्हणून मी म्हणालो, ‘भाभी, ये तो पुराने सरदारों की बात है.’ त्या म्हणाल्या, ‘भैया, सब उसी की लीला है.’ मी पुढचं पान उलटलं. अंबरीशरावांचा डोळा जाणार हे कळल्यावर त्यांनी नारळ बोलला. नवव्या दिवशी सासूबाईंची पट्टी निघाली, आणि त्याच दिवशी मीराने पुस्तकाच्या कण्यावर ‘तीन’ हा आकडा मला दाखवला. (तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणे, तुम्ही इतके रंगला होता की मध्ये बोलणं बरं वाटेना.) संध्याकाळी मी पहिला खंड उघडला. त्यात अंबरीशराव घोड्यावर, छाती पुढे, दोन्ही डोळे धडधाकट. तिवारी भाभींनी हात जोडले, डोळे पुसले, ‘देखा!’ म्हणाल्या आणि आमच्याच अंगणात नारळ फोडला. खोबरं सगळ्या गल्लीत वाटलं गेलं. दुसऱ्या खंडाच्या शेवटी अंबरीशरावांच्या डोळ्याला जखम झाली त्या संध्याकाळी मी भाभींना सांगितलं की आज गळा बसला आहे, पाठ नाही. त्यांच्या हिशोबाने अंबरीशराव अजून दोन डोळ्यांचे आहेत. तुला कधी इकडे यायचं झालं तर भाभींसमोर सांभाळून बोल.

दुसरी अडचण सांगायला लाज वाटते, पण ती तूच उभी केली आहेस. ताई, आपण दोन सख्ख्या बहिणींची मुलं, लहानपणी एका ताटात जेवलो. तुला हे सगळं कुठून सुचतं? अवंतिका दिवा मालवते, अंबरीशराव तिच्या केसांतला गजरा सोडतात, आणि समोर माझ्या सासूबाई मांडी घालून वाती वळताहेत. जावयाने सासूला हे पोथीच्या चालीत ऐकवायचं? पहिल्यांदा असा प्रसंग आला तेव्हा मी घसा खाकरला, पान उलटलं आणि म्हणालो, ‘इथे नर्मदेचं वर्णन आहे.’ मग ती सवयच झाली. दोन खंड झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘तुमच्या बहिणीच्या कादंबरीत नर्मदा फार येते हो, जावईबापू. आणि नेमकी दार लागलं की येते.’ आत मीराला ठसका लागला. तिवारी भाभींनी मात्र ‘नर्मदे हर’ म्हणून नमस्कार केला.

सासूबाईंच्या तुझ्यासाठी सूचनाही आहेत. श्रावणात ग्वारीघाटावरून नर्मदा पोहून पलीकडे जायला अवंतिका काय मगर आहे? कोळी लोकसुद्धा श्रावणात होडी काढत नाहीत. आणि त्यांची मुख्य तक्रार म्हणजे पाचवा खंड निम्मा होत आला, पण त्या पोरीने एकदाही पोटभर जेवलेलं नाही. कधी ताट सारते, कधी घास हातातच राहतो. ‘प्रेमात पडली म्हणून काय झालं? तापात माणूस उठून बसतं ते जेवल्यानंच ना?’ तर पुढे जमल्यास तिला एकदा वरणभात तरी वाढ.

आता कामाचं. सासूबाई येऊन सात महिने झाले. त्या रोज वाती वळतात, रोज साडेसहाला ‘पुढं काय होतं हो?’ म्हणून सतरंजी अंथरतात, पण माझं मन मला खातं. मीरा म्हणते, आता त्यांना सिहोऱ्याला एकटं पाठवायचं नाही म्हणजे नाही. तिचं बरोबर आहे, मलाही तो गॅस आठवतो. पण जो माणूस शब्दात अडकला म्हणून थांबला आहे, त्याला आपण घरात ठेवलं असं म्हणता येईल का? अण्णा म्हणायचे, दारात बांधलेली गाय आपली असते, पण आपल्या दारी येऊन बसलेली गाय देवाची असते. परवा तर सासूबाईंनी वाती वळता वळता मीराला विचारलं, ‘सिहोऱ्याची सकाळची बस किती वाजता असते गं?’ मीरा म्हणाली, ‘काहून? कुठं जाऊन राहिली तू?’ तर त्या म्हणाल्या, ‘सहज विचारलं.’ मग त्या दिवसभर गप्पच होत्या. संध्याकाळी ऐकायला बसल्या, पण ‘पुढं काय होतं’ म्हणाल्या नाहीत. त्यांना आपलं अंगण आठवत असणार, तुळस आठवत असणार, आणि माझा संकल्प त्यांचा पाय धरून बसला आहे.

म्हणून हात जोडून विनंती की सहावा खंड होईल तितक्या लवकर पुरा कर. हवं तर लहान कर. छापायच्या आधी वहीचे कागद पाठवलेस तरी मी ते लाल वस्त्रात ठेवून वाचीन. समग्र ग्रंथ एकदा पुरा झाला, उद्यापनाला पुरणपोळी झाली, की मी सासूबाईंना मोकळेपणाने विचारीन, ‘आई, आता राहता का?’ मग त्या हो म्हणोत की नाही, ते त्यांचं उत्तर असेल.

भाऊजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
गुणवंत

ता. क. पत्र काल पाकिटात घातलं होतं, आज परत काढलं. मीरा म्हणाली की सहावा खंड कधी येणार ते पाचव्याच्या शेवटच्या पानावर छापलेलं आहे, उगाच ताईला कशाला विचारता? मी पुढची पानं कधी पाहत नाही, पण जाहिरात म्हणजे काही अध्याय नव्हे, म्हणून सासूबाई अंघोळीला गेल्यावर मागून पुस्तक उघडलं. तिथे लिहिलं आहे, ‘सहावा आणि अखेरचा खंड लवकरच.’ आणि ‘अखेरचा’ या शब्दाखाली भस्माचं पांढरं बोट उमटलेलं होतं, पानाच्या शिवणीत कापसाचा तंतू अडकलेला होता. आमच्या घरात वात वळताना बोटांना भस्म एकच माणूस लावतं. मग मी नियम मोडला आणि सगळे खंड चाळले. ताई, प्रत्येक पानावर बोट आहे, अण्णा धरायचे तसं, अक्षराखाली. पांढऱ्यावर पांढरं, समईच्या उजेडात मला ते कधी दिसलंच नाही. आणि जिथे जिथे मी नर्मदेचं वर्णन केलं, तिथे तर दोन-दोन वेळा आहे.

म्हणजे मी कार्यालयात असताना दुपारी त्या सगळं वाचून बसल्या आहेत. अंबरीशरावांचं पुढे काय होतं ते त्यांना माहीत आहे, आणि तरी रोज सतरंजी अंथरून मला विचारतात. बसची वेळ विचारली त्याच्या आदल्या दुपारी त्या शेवटच्या पानापाशी पोचल्या असणार. तिथे ‘अखेरचा’ हा शब्द भेटला, म्हणून त्या गप्प होत्या. आणि मी मूर्ख समजत होतो की यांना मी बांधून ठेवलं आहे. ती गाठ त्यांनीच घट्ट धरून ठेवली होती. लेकीच्या घरी राहते असं तोंडाने म्हणता येत नाही, एवढाच काय तो प्रश्न.

तर वर जे काही लिहिलं ते सगळं रद्द समज. ‘अखेरचा’ हा शब्द तेवढा काढून टाक. अंबरीशरावांना अजून एक डोळा आहे, दोन मुलं होऊ दे, मुलांची लग्नं होऊ दे, सुना भांडू दे, पुण्याहून फौज येऊ दे, परत जाऊ दे. तुला विषय कमी पडला तर नर्मदेचं वर्णन कर, खरं.

दुसरा ता. क. मीराला हे सांगितलं तर ती हसली. पाचही खंड तिने आले त्याच आठवड्यात वाचले होते, वस्त्र परत तसंच बांधून ठेवत होती. म्हणजे घरात पुढचं काय ते माहीत नसलेला मी एकटाच, आणि शेजारी तिवारी भाभी. आम्हा दोघांना तू काही कळवू नकोस.

आणखी थोडं. घरी पत्र चिकटवत होतो तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, कोणाला लिहून राहिले. म्हटलं, ताईला. तर म्हणाल्या, ‘त्यांना माझा नमस्कार लिहा. म्हणावं, सहाव्याची घाई करू नका, सातवा-आठवाही सावकाश होऊ द्या. माझ्या डोळ्यांपुढं अक्षरं अजून पोहतात, घरी जाऊन तरी मी काय वाचणार?’ त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. हे सांगत असताना त्या सुईत दोरा ओवत होत्या. पहिल्याच खेपेला ओवला.